‘लाड’ म्हणणाऱ्यांनी हिशेब मांडावा

भोपाळच्या कुठल्याही वस्तीत मोबाईल हिसकावणारा पोरगा पकडला गेला, बंद घरातून नळ आणि तांब्याची तार उचकटून नेणारा हाती लागला आणि तो स्मॅक ओढतो किंवा सोल्यूशन हुंगतो असं कळलं, की एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘अंदर डालो और चाबी फेंक दो.’ हे वाक्य पानाच्या ठेल्यावर ऐकू येतं, कॉलनीच्या रहिवासी संघाच्या बैठकीत ऐकू येतं आणि आपल्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवातल्या गप्पांतही ऐकू येतं. अशा वेळी कुणी म्हणालं, की या मुलाला तुरुंगाऐवजी उपचाराकडे वळवावं आणि त्यासाठी सरकारनं पैसा काढून ठेवावा, तर बैठकीचा सूरच बदलतो. ‘म्हणजे आता चोरांचे लाडही आमच्या करातून?’

हे बोलणारी माणसं निर्दय नाहीत. त्यांत निवृत्त अधिकारी असतात, शिक्षक असतात, क्वचित डॉक्टरही असतात. म्हणूनच या मताची मला अधिक चीड येते. ते व्यवहारज्ञान म्हणून मिरवतं. पण पैसा, वैद्यक आणि कायदा या तिन्ही बाबतींत ते सपशेल चुकीचं आहे. आणि त्या चुकीची किंमत बोलणारे मोजत नाहीत. ती मोजते त्या पोराची आई, त्याची पुढची शिकार ठरणारी एखादी बाई आणि तोच चोर पुन्हा पुन्हा पकडून आणणारा पोलीस शिपाई.

विरुद्ध बाजू आधी तिच्याच शब्दांत मांडतो, म्हणजे कुणी म्हणायला नको की तिला ऐकूनच घेतलं नाही. त्यांचं म्हणणं असं: नशा करणं ही ज्याची त्याची निवड आहे, तिची शिक्षा त्यानं भोगावी. हमीदिया रुग्णालयात साध्या गरीब रुग्णाला खाट मिळत नाही, तिथे गुन्हेगाराला कशाला? बळजबरीनं कुणी नशा सोडत नाही, चार दिवसांनी पुन्हा तेच. शिक्षेची भीती गेली की गुन्हे वाढतील. हे अमेरिका-युरोपचं खूळ आहे, आपल्याकडे चालणार नाही. आणि शेवटी, ज्याचा मोबाईल गेला, ज्याचं डोकं फुटलं, त्याचं काय?

पैशापासून सुरुवात करू, कारण ‘आमच्या करातून’ हा शब्दप्रयोग सगळ्यात आधी येतो. तुरुंग काय फुकट चालतो? कैद्याचं जेवण, पहारेकरी, औषधं, दर पेशीला न्यायालयात नेणारी गाडी आणि सोबतचे पोलीस, सरकारी वकील, दंडाधिकाऱ्याचा वेळ हे सगळं करातूनच येतं. २०२२ अखेरच्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार भारताच्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांहून अधिक माणसं होती आणि त्यांतली सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही अशी. मध्य प्रदेशचे तुरुंग तर देशातल्या सर्वांत खच्चून भरलेल्या तुरुंगांत मोडतात. क्षमतेच्या दीडपटीहून जास्त माणसं तिथे कोंबलेली असतात. पाच ग्रॅम पावडरसाठी पकडलेल्या माणसावर हा सगळा खर्च करायचा, त्याला काही आठवड्यांनी जामिनावर सोडायचं, महिनाभरात पुन्हा पकडायचं आणि खर्च पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. याला काटकसर म्हणणाऱ्यानं एकदा कागद-पेन्सिल घेऊन बसावं. करदात्याचा पैसा वाचवायचा असेल, तर या फेऱ्यावर होणारा खर्च थांबवण्यासारखी दुसरी जागा नाही.

आता वैद्यक. तुरुंगात टाकल्यावर नशा ‘आपोआप सुटते’ अशी एक समजूत आहे. काय होतं ते ऐका. रोज दारूवर जगणाऱ्या माणसाची दारू अचानक तुटली, की दोन ते चार दिवसांत त्याला झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, भिंतीवर किडे दिसू लागतात. औषध वेळेवर मिळालं नाही तर तो मरूही शकतो. गर्द किंवा स्मॅक ओढणाऱ्याची ‘टर्की’ सुरू होते. हाडं मोडल्यासारखी दुखतात, उलट्या-जुलाब होतात, झोप उडते. ती संपते. मग तो काही महिने कोरडा राहतो, शरीराची सवय मोडते आणि मन मात्र तसंच राहतं. सुटल्यावर तो जुन्या मात्रेनं नशा करतो आणि शरीर ती मात्रा पेलू शकत नाही. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांचा मृत्यूचा धोका इतर लोकांच्या सुमारे १३ पट आणि नशेच्या अतिमात्रेनं मरण्याचा धोका तर १२९ पट निघाला. शरीराचा हा नियम भोपाळमध्ये बदलत नाही. तेव्हा ‘आत टाका, सुधारेल’ हा सल्ला देणारे एखाद्या माणसाला सुटकेच्या दारात मरणाच्या धोक्यात उभं करत असतात.

आणि आत आहेत तरी कोण? तुरुंगांच्या अधिकृत नोंदींत मनोरुग्ण कैद्यांचं प्रमाण दोन टक्क्यांच्याही आत दाखवलेलं असतं. पण बंगळूरुच्या निम्हान्स संस्थेच्या डॉक्टरांनी तिथल्या मध्यवर्ती कारागृहातल्या पाच हजारांहून अधिक कैद्यांची रीतसर तपासणी केली, तेव्हा जवळपास ८० टक्के कैद्यांत मानसिक आजार किंवा व्यसन यांपैकी काहीतरी आढळलं. व्यसन बाजूला काढलं, तरी २७.६ टक्के उरले. हा अभ्यास २०११ चा आहे. दोन टक्के आणि ८० टक्के यांच्यामध्ये जी माणसं आहेत, ती कुठल्याच रजिस्टरात नाहीत, कुठल्याच डॉक्टरकडे नाहीत. आपण त्यांना गुन्हेगार म्हणून मोजतो आणि रुग्ण म्हणून मोजायचं टाळतो. मोजलं तर खर्च करावा लागेल, हेच त्याचं कारण आहे.

‘परदेशी खूळ’ या आक्षेपाचा तर मला खरोखर राग येतो, कारण तो आपल्याच संसदेनं केलेले कायदे न वाचता घेतला जातो. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातलं कलम ३९ न्यायालयाला सांगतं, की थोड्या मात्रेसाठी किंवा सेवनासाठी दोषी ठरलेला माणूस व्यसनी असेल तर त्याच्या संमतीनं त्याला तुरुंगाऐवजी सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचारासाठी सोडता येतं. त्याच कायद्यातलं कलम ६४-अ याच्याही पुढे जातं: असा व्यसनी स्वतःहून उपचार घेईल आणि पूर्ण करेल, तर त्याच्यावर खटलाच चालणार नाही, उपचार अर्धवट सोडला तर हे संरक्षण जाईल. कलम ७-अ मध्ये यासाठी राष्ट्रीय निधीची तरतूद आहे आणि व्यसनींची ओळख, उपचार, पुनर्वसन हे त्या निधीचे हेतू म्हणून स्पष्ट लिहिलेले आहेत. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ९३ व्यसनी किंवा मनोरुग्ण मुलाला उपचाराच्या ठिकाणी हलवायची मुभा देतं. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा प्रत्येक राज्यातल्या किमान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य केंद्र असलंच पाहिजे असं बजावतो. यातलं काय परदेशातून आलं?

आणि गुन्हेगारावर विश्वास टाकण्याची गोष्ट म्हणाल, तर ती मराठी माणसानं कुणाकडून शिकायची गरज नाही. औंधच्या पंतप्रतिनिधींच्या संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत १९३० च्या दशकाच्या अखेरीस उभी राहिली. खुनाच्या गुन्ह्यातले कैदी भिंतीविना शेती करत राहिले. व्ही. शांतारामांनी १९५७ साली त्यावर ‘दो आँखें बारह हाथ’ काढला आणि सगळ्या देशानं डोळे पुसत तो पाहिला. चित्रपटगृहात रडायचं आणि कॉलनीच्या बैठकीत चावी फेकायची भाषा करायची, हे कसं जमतं?

कायद्यात दार आहे, पण त्यातून जातं कोण? २००१ साली अमली पदार्थाच्या प्रकरणात अटक झालेल्या एका नामवंत हिंदी अभिनेत्यानं पुढे मुंबईत रीतसर व्यसनमुक्तीचा उपचार घेतला आणि २०१२ साली विशेष न्यायालयानं त्याला याच कलम ६४-अ खाली खटल्यातून मोकळं केलं. योग्यच केलं. कायदा त्यासाठीच आहे. पण त्याच्यापाशी वकील होता, ज्याला हे कलम माहीत होतं. दुसरीकडे पंजाबमधल्या खटल्यांचा विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसीनं केलेला अभ्यास २०१८ साली आला. २०१३ ते २०१५ या काळात न्यायालयांनी एकाही आरोपीला व्यसनमुक्ती उपचाराकडे पाठवल्याचं त्यांना आढळलं नाही. नशेनं पोखरलेल्या त्या राज्यात, तीन वर्षांत, एकही नाही! उपचार खरोखर ‘लाड’ असतील, तर ते आज फक्त पैसेवाल्याचे होतात. गरिबाला तेच मिळावं असं म्हटलं की मात्र करदात्याची आठवण येते.

इथेच सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न येतो, आणि मला याच प्रश्नावर थांबायचं आहे: कायदा आहे तर मग वेगळा पैसा कशाला? कारण कलमाला हातपाय नसतात. कल्पना करा, भोपाळच्या जिल्हा न्यायालयात दुपारच्या पेशीला एक पोरगा उभा आहे. जवळ दोन पुड्या सापडल्या. नाक गळतंय, हात थरथरतायत. दंडाधिकाऱ्यासमोर आणखी साठ-सत्तर प्रकरणं आहेत. हा व्यसनी आहे की विक्रेता, हे कोण तपासणार? न्यायालयात डॉक्टर नाही, प्रशिक्षित समाजकार्यकर्ता नाही. व्यसनी आहे असं मानलं, तर पाठवायचं कुठे? सरकारमान्य केंद्रात खाट रिकामी आहे का, हे कोण सांगणार? त्याला तिथपर्यंत कोण नेणार? तो उपचाराला गेला नाही, तर न्यायालयाला कोण कळवणार? तीन आठवड्यांनी टर्की संपून बाहेर आल्यावर तो झोपणार कुठे, कमावणार काय? या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर म्हणजे एक पगारी माणूस, एक खाट, एक फोन किंवा एक गाडी आहे. ती नसेल तर कितीही सहृदय दंडाधिकारी असला तरी त्याच्यासमोर एकच कागद असतो, न्यायालयीन कोठडीचा. त्यावर सही करायला पाच मिनिटं लागतात. आणि सुरज नगरच्या राष्ट्रीय न्यायिक अकादमीत देशभरचे न्यायाधीश प्रशिक्षणासाठी येतात, ते याच शहरात! ज्या गावात न्यायाधीश घडवायची संस्था आहे, त्या गावच्या न्यायालयात निदान एक चालतं-बोलतं उदाहरण उभं करता येणार नाही का?

म्हणून निधी म्हणजे चार भिंतींवर नवा फलक लावायचा पैसा असं मी म्हणत नाही. माझी मागणी पगारांसाठी आहे. न्यायालयात बसणारा मनोसामाजिक कार्यकर्ता, पहिल्या चोवीस तासांत तपासणी, हमीदियात किंवा जिल्हा रुग्णालयात टर्की आणि दारूच्या झटक्यांसाठी राखीव खाटा, बुप्रेनॉर्फिनसारखी औषधं रोज देणारा दवाखाना, आणि त्यानंतर किमान वर्षभर घरी जाऊन विचारपूस करणारा माणूस. यांतला शेवटचा माणूस सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गरजेचा, आणि अंदाजपत्रकात कात्री लागली की पहिला जातो तोही तोच. पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचटांनी १९८६ साली ‘मुक्तांगण’ उभं केलं. त्यांच्या कामाचं मर्म औषधापेक्षा या पाठपुराव्यात होतं. बरा झालेला माणूसच पुढच्याचा हात धरतो, बायको आणि आई उपचारात सामील होतात. ते काम समाजाच्या देणग्यांवर उभं राहिलं, पु. ल. देशपांडे यांचा हात त्यामागे होता. पण प्रत्येक शहराला अवचट आणि पु. ल. मिळत नाहीत. जिथे मिळत नाहीत तिथे सरकार लागतं.

‘साध्या रुग्णाला खाट नाही’ हे म्हणणं मात्र खरं आहे आणि त्याचा मी आदर करतो. निम्हान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात बारा राज्यं पाहिली गेली. लाखामागे सर्वांत कमी मानसोपचारतज्ज्ञ मध्य प्रदेशात निघाले, ०.०५. केरळमध्ये १.२. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एम्सच्या देशव्यापी पाहणीत दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कुठलातरी उपचार मिळत होता. हुंगण्याच्या नशेतून ज्यांना बाहेर काढायला हवं अशा मुलांची सर्वाधिक संख्या असलेल्या राज्यांत उत्तर प्रदेशच्या पाठोपाठ मध्य प्रदेशचं नाव होतं. या आकड्यांवरून निष्कर्ष काय निघतो? खाटा वाढवायला हव्यात, हाच. गुन्हेगाराला तुरुंगात पाठवल्यानं साध्या रुग्णासाठी एक खाट वाढते का? उलट न्यायालयातून येणाऱ्यांसाठी जो वॉर्ड, जो डॉक्टर, जो औषधसाठा उभा राहील, तोच वस्तीतल्या इतरांनाही मिळेल. आईनं स्वतः आणलेला मुलगा आणि पोलिसानं आणलेला मुलगा एकाच गल्लीतले असतात. बहुतेक वेळा तो एकच मुलगा असतो, वर्षभराच्या अंतरानं.

आणि डॉक्टर नाहीत म्हणून हात वर करायचे असतील, तर निदान भोपाळनं तरी करू नये. १९८४ च्या डिसेंबरात गॅसगळती झाली, तेव्हा राज्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचाराचा अध्यापकवर्ग जवळजवळ नव्हताच. तरी १९८५ साली निम्हान्सचे डॉ. श्रीनिवास मूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गॅसपीडित वस्त्यांतल्या साध्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना थोड्या दिवसांत मनाचे आजार ओळखायला आणि हाताळायला शिकवलं. जगातल्या सर्वांत मोठ्या औद्योगिक दुर्घटनेच्या छायेत, कसल्याही तयारीविना. जे काम तेव्हा सुरू होऊ शकलं, ते आज एम्स, गांधी मेडिकल कॉलेज आणि भोपाळ मेमोरियल रुग्णालय असताना होत नाही, याचं कारण डॉक्टरांची टंचाई एवढंच असू शकत नाही.

‘बळजबरीनं कुणी सुटत नाही’ असं म्हणणाऱ्यांना मी विचारतो: स्वतःच्या पायानं, हसतमुखानं व्यसनमुक्तीला आलेला माणूस तुम्ही पाहिलाय का? कुणाला बायकोनं घर सोडायची धमकी दिलेली असते, कुणाची नोकरी जाणार असते, कुणाचं यकृत बोलू लागलेलं असतं. न्यायालय हा अशाच दबावांपैकी एक आहे, आणि तो नीट वापरला तर काम करतो. अमेरिकेतल्या व्यसन-न्यायालयांच्या दीडशेहून अधिक मूल्यमापनांचा एकत्रित आढावा २०१२ साली घेतला गेला. पुन्हा गुन्हा करणाऱ्यांचं प्रमाण साध्या न्यायालयात ५० टक्के असेल, तर तिथे ते ३८ टक्क्यांपर्यंत उतरतं असं दिसलं. शंभरातले बारा. हा चमत्कार नाही, हे मलाही कळतं. पण बारा चोऱ्या न होणं, बारा घरांत मारहाण न होणं ही थट्टेची गोष्ट आहे का?

माणूस पुन्हा घसरतो, हेही खरं. क्षयाचा रुग्णही औषध मध्येच सोडतो. तेव्हा सरकार काय करतं? घरी माणूस पाठवतं, औषध पुन्हा सुरू करतं, आणि २०१८ पासून तर पोषणासाठी त्याच्या खात्यात दरमहा पैसेही जमा करतं. त्याला कुणी लाड म्हणत नाही, कारण एक क्षयरोगी अर्धवट राहिला तर दहा जणांना आजार देईल, हे आपल्याला पटलेलं आहे. व्यसनी अर्धवट राहिला तर शेजाऱ्याचं कुलूप तुटतं, हे पटायला काय अडचण आहे?

शिक्षेची भीती गेली की गुन्हे वाढतात, असं सांगताना हल्ली ऑरेगॉनचं नाव पुढे केलं जातं. अमेरिकेतल्या त्या राज्यानं २०२१ साली थोड्या मात्रेतलं नशेचं बाळगणं गुन्हा मानायचं सोडलं आणि २०२४ साली ते पुन्हा गुन्हा ठरवलं. पण तिथे काय फसलं ते पाहा. गुन्हा आधी काढला गेला आणि उपचारांचा पैसा केंद्रांपर्यंत पोचायला फार उशीर झाला. माणसाला उपचाराकडे ढकलणारं असं मध्ये कुणी राहिलंच नाही. म्हणजे ऑरेगॉन हा माझ्याच बाजूचा पुरावा आहे: पैशाविना वळवणं म्हणजे वाऱ्यावर सोडणं. याउलट मायामीत न्यायाधीश स्टीव्ह लाइफमन यांनी २००० पासून मनोरुग्ण आरोपींना तुरुंगातून उपचारांकडे वळवायची व्यवस्था पैसा आणि माणसं लावून बांधली. पोलिसांना प्रशिक्षण दिलं. तिथे एक अख्खा तुरुंग बंद करता आला.

शिवाय भीती कुणाला वाटायला हवी? ऑक्टोबर २०२४ मध्ये भोपाळजवळच्या बगरोदा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ९०७ किलो एमडी हा अमली पदार्थ सापडला. किंमत सांगितली गेली १८१४ कोटी रुपये. हे पकडायला गुजरातचं दहशतवादविरोधी पथक आणि केंद्रीय यंत्रणा याव्या लागल्या. त्या कारखान्याच्या मालकांसाठी कुणीही उपचार मागत नाही. कायद्याचं कलम ६४-अ त्यांना लागूही होत नाही. पण ठाण्याचं मनुष्यबळ स्टेशनच्या फलाटावरच्या सोल्यूशनवाल्या पोरांमागे, पाव-अर्धा लिटर हातभट्टीच्या प्रकरणांमागे खर्च होत असेल, तर कारखान्यांकडे पाहायला उरतं कोण? भोपाळमध्येच काम करणाऱ्या ‘क्रिमिनल जस्टिस अँड पोलीस अकाउंटेबिलिटी प्रोजेक्ट’नं २०२१ साली राज्यातल्या अबकारी कारवायांचा अभ्यास मांडला. विमुक्त जमातींच्या आणि इतर गरीब माणसांवर किरकोळ दारूसाठी किती सहज हात पडतो, हे त्यातून दिसतं. अशा अटकांचा आकडा मोठा दिसतो. शहर त्यानं सुरक्षित होत नाही.

एक आक्षेप मी पूर्ण मान्य करतो: नशामुक्ती केंद्रांच्या नावाखाली साखळीनं बांधणारी, मारहाण करणारी, उपाशी ठेवणारी ठिकाणं आहेत. त्यांना सरकारी पैशाचा एक रुपयाही मिळता कामा नये. पण अशी ठिकाणं फोफावतात ती सरकारी खाटा नसल्यामुळेच. हतबल बाप दुसरीकडे कुठे जाणार?

मनोरुग्ण आरोपींची गोष्ट याहून भयंकर आहे, आणि तिथे ‘निवड’ हा शब्दही कुणाला वापरता येणार नाही. आसामचे मचाल लालुंग १९५१ साली पकडले गेले, मनोरुग्ण म्हणून तेजपूरच्या इस्पितळात पाठवले गेले, १९६७ साली डॉक्टरांनी त्यांना बरं ठरवलं, आणि ते सुटले २००५ साली. ५४ वर्षं, खटल्याविना. राज्यव्यवस्थेत त्यांचा कागद हलवणारा एकही माणूस नव्हता. आपल्याकडे मध्य प्रदेशात सरकारी मानसिक रुग्णालयं दोन, इंदूर आणि ग्वाल्हेर. ग्वाल्हेरच्या आरोग्यशाळेची स्थिती अशी होती, की १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाला तिची देखरेख राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे सोपवावी लागली. भोपाळच्या एखाद्या आरोपीला भ्रम होत असतील, तर त्याची वाट अजूनही तुरुंगातून सुरू होते आणि दूरच्या गावी जाते, जिथे त्याच्या घरचं माणूस भेटायला पोचू शकत नाही.

आणि ज्याचा मोबाईल गेला त्याचं काय? त्याला भरपाई मिळाली पाहिजे, त्याचं ऐकलं गेलं पाहिजे, आणि ज्यानं गंभीर इजा केली त्याला शिक्षाही झाली पाहिजे. वळवणं हे थोड्या मात्रेच्या, किरकोळ गुन्ह्यांच्या माणसांसाठी आहे. पण या माणसाला सर्वांत आधी काय हवं असतं? पुन्हा लुटलं जाऊ नये, हे. त्याच्या नावानं तुरुंग मागणारे त्याला हेच एक देऊ शकत नाहीत.

भोपाळचं नशेविषयीचं राजकारण गेली काही वर्षं दुकानांभोवती फिरतंय. मार्च २०२२ मध्ये उमा भारतींनी इथल्या एका दारूच्या दुकानावर दगड मारला. त्यांच्या दारूविरोधी आंदोलनानंतर १ एप्रिल २०२३ पासून राज्यातले सगळे अहाते, म्हणजे दुकानालगत बसून पिण्याच्या जागा, बंद झाले. २०२५ पासून १९ धार्मिक ठिकाणी दारूविक्री थांबली. दुकानापुढे बसून पिणारा माणूस आता रस्त्यावर, तलावाच्या काठी किंवा घरी पितो. त्याच्यासाठी काय केलं? राज्याला अबकारीतून वर्षाला दहा हजार कोटींहून अधिक रुपये मिळतात. राज्यघटनेचं कलम ४७ सरकारला लोकांचं आरोग्य सुधारायला आणि मादक पेयांना आवर घालायला सांगतं. दारूच्या प्रत्येक बाटलीवर सरकारचा हिस्सा आहे; त्या बाटलीनं मोडलेल्या माणसात सरकारचा हिस्सा नाही, हे कुठल्या नीतीत बसतं?

विधानसभा आणि जिल्हा न्यायालय, दोन्ही अरेरा हिल्सवर आहेत. पुढच्या अर्थसंकल्पी अधिवेशनात भोपाळच्या आमदारांनी सभागृहात उभं राहून एवढंच विचारावं: कलम ३९ आणि ६४-अ खाली गेल्या वर्षी या जिल्ह्यातून किती माणसं उपचारांकडे गेली, अबकारीच्या उत्पन्नातले किती रुपये त्यांच्यावर खर्च झाले, आणि पुढच्या वर्षी न्यायालयात बसणाऱ्या त्या एका मनोसामाजिक कार्यकर्त्याचा पगार कोणत्या शीर्षाखाली दाखवला आहे? उत्तर शून्य आलं, तर आमच्या करातून लाड कुणाचे चालले आहेत, ते त्यांनी तिथेच सांगावं.